रस्त्याकडची बाजू

तुम्ही पाठवलेली चारही चित्रं मिळाली. घर एकच, पण बाहेरून चार प्रकारचं. एकाला खांब, एकाला उतरतं छप्पर, एक नुसता पांढरा ठोकळा, आणि चौथ्याची भिंत दगड चिकटवल्यासारखी. सोबत तुमचा प्रश्न: "आजी, यातलं कुठलं चांगलं दिसेल? तीन आठवडे झाले, आमचं ठरतच नाहीये." तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे हा घोळ आठ महिने चालला होता. त्या आठ महिन्यांत मी जेवढी वैतागले तेवढी पुढे तुमच्या आईच्या लग्नातसुद्धा वैतागले नाही. कुठलं चित्र घ्या ते मी सांगणार नाही. आमचं काय झालं ते क्रमाने सांगते.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. तुमचे आजोबा अंबरनाथला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायची, हे त्यांचं काम. त्यांचं चित्र वरचे साहेब पुन्हा तपासत नाहीत असं ते सांगायचे, आणि ते खरंही असावं. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही दोघं, लहानगी तुमची आई, आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी रत्नागिरीकडची शिक्षकी संपवून आमच्याकडे आले होते आणि दोन खोल्यांत त्यांचा जीव घुसमटायचा.

म्हणून बदलापूरला बेलवलीच्या बाजूला जागा घेतली. जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घराचं तोंड पूर्वेला, अंगणाकडे. अंगणात घराकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला स्टेशनाकडे जाणारा रस्ता आणि उजव्या हाताला भाताची खाचरं. पावसाळ्यात खाचरांत गुडघाभर पाणी.

मला घराकडून एकच गोष्ट हवी होती. मी इंटर आर्ट्स, म्हणजे कॉलेजची दोन वर्षं झालेली, लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं मुलींच्या शाळेत शिकवत होते. बेलवलीची शाळा तेव्हा चौथीपर्यंत. चौथीनंतर मुली घरी बसायच्या, लाकडं आणायच्या, धाकटी भावंडं सांभाळायच्या. जागा बघायला आम्ही जायचो तेव्हा मी तिथल्या बायकांशी बोलले आणि पाच मुलींच्या आया-मावश्यांनी मला शब्द दिला की तुम्ही राहायला आलात की आम्ही मुली धाडू. पण मुलींच्या वडिलांची अट होती: परक्याच्या घरातून, पुरुषमाणसं बसलेली असतात तिथून आमच्या मुली जाणार नाहीत. मामंजींचीही तीच अट, फक्त दुसऱ्या टोकाकडून. "सूनबाई, शिकवायचं तर शिकव. माझ्या ओटीवरून वरात नको." तेव्हा मला रस्त्याच्या बाजूला एक उघडी पडवी हवी होती, तिला स्वतःच्या पायऱ्या. मुली रस्त्यावरून थेट वर येतील, थेट खाली जातील, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते नसेल तर मुली नाहीत. इतकं साधं होतं.

मी वहीच्या कागदावर घराच्या गरजांची यादी केली. पहिल्या क्रमांकावर हे लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आठवड्याने तो कागद मला सापडला तो पालथा. मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या आजोबांनी पेन्सिलीने एक गोल खिडकी काढली होती.

ती गोल खिडकी मुंबईतून आली होती. आजोबांना दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींनी वेड लावलं होतं: सपाट गच्ची, कोपऱ्यात वळणारा सज्जा, कठड्यावर तीन आडवे पट्टे आणि जिन्याला बोटीसारख्या गोल खिडक्या. घर बाहेरून कसं असावं हे त्यांच्या मते ठरूनच गेलं होतं. त्यांनी ते चित्र मामंजींपुढे ठेवलं.

मामंजींनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. "बोटीला गोल खिडक्या का असतात?"

"बाबा, ती स्टाइल आहे."

"पाणी आत येऊ नये म्हणून असतात. ही बोट कुठे चालली?"

"कुठे नाही."

"मग उतरतं छप्पर घाल. मंगलोरी कौलं. पुढे ओटी, खाली जांभा. वरून पाऊस पडतो तो खाली जायला नको?"

"जांभा बदलापुरात कुठून आणू? इथे वीटभट्ट्या आहेत."

"माणसं सूनही रत्नागिरीहून आणत नाहीत आता," मामंजी म्हणाले. मी पुण्याची, हे माझ्यासाठी होतं. मी चहाचे कप उचलले.

कप उचलता उचलता मी विचारलं, "या चित्रात रस्त्याकडची पडवी कुठे आहे?"

"अगं, आधी एलिव्हेशन ठरू दे," आजोबा म्हणाले. "पडवी काय, ती नंतर बसवता येते."

एलिव्हेशन म्हणजे घराची समोरून दिसणारी बाजू. तो शब्द मी पुढच्या आठ महिन्यांत इतक्या वेळा ऐकला की आजही कोणी उच्चारला की मला उठून आत जावंसं वाटतं. वळणारा सज्जा आला की माझी पडवी जायची, कारण सज्जा नेमका त्या कोपऱ्यातून वळायचा. कौलं आली की पडवीची कोठीची खोली व्हायची, कारण मामंजींच्या मते बाजूच्या पडव्या भात आणि लाकडं ठेवायला असतात. दर रविवारी एक नवं चित्र, आणि दर चित्रात मी माझ्या पायऱ्या शोधायची.

त्यात कंत्राटदाराची भर. तो उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी गृहस्थ, फाळणीनंतर बायकोमुलांसह आलेला. कॅम्पात बराकींना भिंती घालता घालता त्याने बांधकामाचं काम उभं केलं होतं. सिमेंटच्या जाळ्यांचे साचे त्याच्याकडे होते आणि त्या जाळ्या खपाव्यात अशी त्याची प्रामाणिक इच्छा होती. उगवता सूर्य, कमळ, आणि एक मोर, जो मला कोंबड्यासारखा वाटला.

"भाभी, सूरजवाली लगवाओ. सारा बदलापूर देखेगा," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, तुमच्या घराला कुठली जाळी आहे?

"मेरा तो बैरक है, भाभी. बाहर से सब एक जैसे. नंबर पढ़ के अंदर जाता हूँ." मग म्हणाला, "सिंध में था घर. छत पर हवा पकड़ने का झरोखा था. बाहर से कैसा दिखता था, वो तो कभी ध्यान से देखा ही नहीं." तो हे हसत म्हणाला. त्यानंतर त्याच्या सूर्यावर रागावणं मला जमेना.

शेवटी सातव्या महिन्यात बापलेकांचा तह झाला. पुढचा भाग आजोबांचा: सपाट स्लॅब, तीन पट्टे. मागचा भाग मामंजींचा: कौलं. गोल खिडकी रद्द. सूर्याची जाळी ओटीला. आणि आजोबांची एक अट, की समोरून घर दोन्ही बाजूंनी अगदी सारखं दिसलं पाहिजे. मधोमध रेघ मारली तर डावं-उजवं एकमेकांचं प्रतिबिंब. "सिमेट्री नसेल तर ते घर नाही, गोदाम आहे." त्यासाठी घराच्या दोन्ही कडांना सारख्याच रुंदीच्या दोन पट्ट्या आल्या. एक पट्टी बंद करून मामंजींची कोठी करायची. दुसरी, रस्त्याकडची, उघडी, तीन कमानींची, पायऱ्यांची, माझी. समोरून दोन्ही सारख्या. मी त्या दिवशी शिरा केला.

मामंजी म्हणाले, "कौलं मिळाली. आता बाकीच्यात मी एक शब्द बोलणार नाही." हा त्यांचा आनंद नव्हता, रुसवा होता. तो त्यांनी पाळला, आणि तोच आम्हाला नडला.

तह झाल्याबरोबर खोल्यांचा तळाचा नकाशा छापून कंत्राटदाराकडे गेला होता. त्यात दोन्ही पट्ट्या नुसत्या रिकाम्या चौकोनांसारख्या दाखवलेल्या. आजोबांनी तो बदलला नाही. नवीन कागदावर फक्त बाहेरच्या बाजू काढल्या: मध्ये समोरची, आणि तिच्या दोन्ही अंगांना घराच्या दोन कुशी. शाई अशी की रेघेवर रेघ. निळी प्रत, म्हणजे ब्लूप्रिंट, करून आणली आणि माझ्यापुढे पसरली. तीन कमानी होत्या, पायऱ्या होत्या. मी पायऱ्या मोजल्या: तीन. यादीतल्या पहिल्या क्रमांकापुढे बरोबरची खूण केली. हे लक्षात ठेवा. मी पायऱ्या मोजल्या, आणि स्वतःला व्यवस्थित समजत होते.

काम सुरू झालं आणि आजोबांना कारखान्याच्या कामासाठी महिनाभर बाहेरगावी धाडलं. पाठोपाठ तुमच्या आईला गोवर निघाला. मला घर सोडता येईना. मामंजी मात्र रोज गाडीने बदलापूरला जात, छत्री टेकून काम बघत बसत, आणि संध्याकाळी येऊन सांगत, "झकास चाललंय."

गोवर उतरला. आजोबा परतले. रविवारी आम्ही सगळे गेलो. भिंती दारांच्या उंचीपर्यंत आल्या होत्या. समोरून घर खरोखर सारखं दिसत होतं. मी डावीकडे वळले, माझी पडवी बघायला. तिथे भिंत होती. आडवी, सलग, वर हातभर उंचीचे दोन झरोके. कोठी.

मी घराला वळसा घालून पलीकडे गेले. तीन कमानी सुरेख उतरल्या होत्या. काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, घडवलेल्या, आणि शेवटची पायरी भाताच्या खाचरात. पाण्यात एक बगळा उभा होता. तेवढाच काय तो विद्यार्थी.

गवंडी मोरिवलीचा, उंच, वयस्क माणूस. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "ताई, माझं काय चुकलं नाय. कागदावर हाय तसंच केलंय." त्याने घडी घातलेली निळी प्रत काढून दाखवली. खरंच, कागदावर समोरच्या बाजूच्या उजव्या हाताला कमानी होत्या. डाव्या हाताला कोठी.

आजोबांनी कागद बघितला. "ड्रॉइंग बरोबर आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे? मग पायऱ्या खाचरात का उतरल्या?"

"अगं, हे फर्स्ट अँगल आहे. डाव्या बाजूने जे दिसतं ते उजवीकडे काढायचं. आमच्याकडे सगळी चित्रं अशीच निघतात. आणि इथे बाण दाखवलाय ना, या बाजूने बघितलं तर असं."

"तो बान व्हय?" गवंडी म्हणाला. "मला वाटला वाऱ्याचा. म्हनलं, सायबांनी वारा कुठनं येतो ते दाखवलंय."

कंत्राटदार मान हलवत उभा होता. बाणाखालची इंग्रजी अक्षरं त्यालाही वाचता येत नव्हती. त्याने जाळीचं बघितलं होतं, जाळी बरोबर लागली होती.

मग तुमच्या आजोबांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. खिशातून आगपेटी काढली, विटांच्या थप्पीवर कागद पसरला आणि गवंड्याला शिकवायला बसले. "हे घर समजा. हे असं समोरून. आता हे उजवीकडे लोळवलं. वर कुठली बाजू आली? डावी. म्हणून डावी बाजू कागदावर उजवीकडे."

गवंड्याने आगपेटीकडे बघितलं, मग भिंतींकडे. फार आदराने म्हणाला, "सायेब, घर काय लोळत नाय."

मी मामंजींकडे वळले. "तुम्ही तर रोज इथे बसत होता."

"हो."

"मग कमानी खाचराकडे चालल्यात हे दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाटलं तुमचं ठरलं असेल. मी म्हटलं होतं, बाकीच्यात एक शब्द बोलणार नाही."

मी तिथेच त्या पहिल्या पायरीवर बसले. चूक कोणाचीच नव्हती. चित्र बरोबर होतं, गवंडी बरोबर होता, मामंजींनी शब्द पाळला होता. आठ महिने तीन पुरुष घर समोरून कसं दिसेल यावर भांडले, आणि घराला कुशी असतात, त्यांतली एक रस्त्याकडे असते, हे एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी पायऱ्या मोजल्या होत्या.

"भिंत पाडा," मी म्हणाले. "दोन्हीकडची. अदलाबदल करा."

"उभी भिंत पाडायची नाही," मामंजी म्हणाले. शब्द न बोलण्याचं व्रत तिथे सुटलं. "अजून वास्तुशांत व्हायची आहे. घर उभं राहायच्या आत त्याला पाडायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही."

"शिवाय परमिटवर मिळतं तेवढं सिमेंट संपलंय," आजोबा म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. तोवर मुलींना खाचराच्या बांधावरून येऊ दे."

"जुलैत?"

मी त्या पाच बायकांची तोंडं आठवत होते. पुढच्या वर्षीपर्यंत त्या पाच मुलींतल्या दोघींची तरी लग्नं झाली असती. हे मी वाढवून सांगत नाही, त्या वेळी तसंच होतं.

त्या बैठकीत अक्कल चालली ती एकट्या गवंड्याची. तो माझ्याशीच बोलला, कारण त्याची धाकटी मुलगी बेलवलीला मावशीकडे राहायची आणि त्या पाचांत होती, हे मला तेव्हा कळलं. "ताई, भिंत पाडायची नाय ना? मग पाडू नको. दार फोडायला कोन नाय म्हनला?"

मामंजींनी विचार केला. "दार फोडणं म्हणजे पाडणं नव्हे," ते शेवटी म्हणाले. शास्त्रात कुठे असेल नसेल, पण मी लगेच हो म्हटलं.

आजोबा मात्र हादरले. "कोठीला दार? रस्त्याकडे? मग त्याच्यावर छज्जा लागेल. तो समोरून दिसेल. एकाच बाजूला. सगळी सिमेट्री गेली."

"जाऊ दे," मी म्हणाले. "तुम्ही ओटीवर बसता तेव्हा ती तुम्हाला दिसते का?"

दोन दिवसांत कोठीच्या भिंतीत दार फोडलं. सिमेंट नव्हतं, म्हणून छज्जा पत्र्याचा. तो घराच्या डाव्या कडेने हातभर बाहेर आला, समोरून बघणाऱ्याला घराने कान टवकारल्यासारखा. पायऱ्या उरलेल्या विटांच्या, एकीची उंची दुसरीशी जुळत नव्हती. घडीव दगडाच्या तीन पायऱ्या पलीकडे बगळ्यासाठी राहिल्या. झरोक्यांतून उजेड पुरेना, तेव्हा शिकवताना दार उघडं ठेवावं लागे. पावसाचा सडा आत येई. एका भिंतीला भाताची पोती आणि दुसरीला मी.

वास्तुशांतीनंतरच्या सोमवारी दुपारी मी दार उघडून बसले. पाचांतल्या तिघी आल्या. चौथीचं लग्न ठरलं होतं, पाचवीला पाठवलं नाही. त्या तिघी पत्र्याखाली पाय पुसून, ओटीकडे न बघता आत आल्या आणि पोत्यांना टेकून बसल्या. ओटीवरून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, कोण आलंय?"

"कोणी नाही. शाळा भरली आहे."

गवंड्याची मुलगी तोंडावर हात धरून हसली.

त्या संध्याकाळी आजोबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि ती निळी प्रत काढून टेबलावर पसरली. कारखान्यात एखादा भाग बदलला की चित्रावर तो बदल नोंदवायचा असतो, हा त्यांचा नियम. त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने आधी दोन्ही कुशी खोडून, बांधल्या तशा अदलाबदल करून काढल्या, मग कोठीच्या भिंतीत दार काढलं, वर पत्रा, खाली वेड्यावाकड्या तीन पायऱ्या, अगदी जशा होत्या तशा. समोरच्या चित्रात त्या एका बाजूने बाहेर आलेला कानही काढला. हे करताना त्यांना किती जिवावर आलं ते मला दिसत होतं. मग खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी बघितलं. रस्त्याकडचं दार पुन्हा कागदाच्या उजव्या हाताला होतं.

"अहो," मी म्हणाले.

"फर्स्ट अँगल," ते म्हणाले. "पद्धत बदलता येत नाही."

मी माझी मुलींच्या वह्या तपासायची लाल पेन्सिल घेतली आणि त्या दाराखाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: ही बाजू रस्त्याकडची. शब्दांखाली दोन रेघा मारल्या. त्यांनी ते वाचलं, नाक जरा मुरडलं, पण पुसलं नाही. तो कागद मी जपून ठेवला होता. तुमची चार चित्रं परत पाठवते आहे, सोबत तो कागदही. तुमच्या चारांपैकी एकातही रस्ता कुठल्या बाजूला आहे ते मला सापडलं नाही. तेवढं लिहून कळवा, मग बाकीचं बघू.